मानाचा भात

महिपतआबांचा चेहरा मला नंतर ओळखीचा झाला. आधी पाय झाले.

बी. ए. होऊन मी मुंबईहून परत आलो आणि रत्नागिरीतल्या एका शाळेत मराठी शिकवू लागलो. राहायला खाडीपलीकडे, भाट्याला मावशीकडे. शाळेसाठी रोज होडीने खाडी ओलांडायची. होडीत मी खाली फळीवर बसत असे. आबा समोर उभे राहून वल्हं मारत. त्यामुळे माझी नजर त्यांच्या पायांवर जायची. रुंद, काळे, भेगाळलेले पाय. बोटं पसरलेली. ओल्या फळीवर ती अशी रुतायची की होडी हेलकावली तरी आबा हलत नसत. तेव्हा त्यांची सत्तरी उलटली होती.

"मास्तर, खाली काय बगतोस? पैसा पडला काय?" त्यांनी एकदा विचारलं.

"पाय बघतो तुमचे."

"बग. सारा दर्या फिरून आलेत ते."

खरंच आले होते. महिपत मयेकर उमेदीची सगळी वर्षं आगबोटींवर खलाशी होते. एडन, रंगून, झांजिबार. मग घरी परतले. बसून राहणं जमेना, म्हणून ही होडी घेतली. बायको कधीच वारली होती. घरात सून सगुणा आणि नातवंडं. मुलगा हरिश्चंद्र मुंबईला गोदीत कामाला.

मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. ते मला वाऱ्यांची नावं सांगत. अशी आमची मैत्री झाली. कधी कधी ते जेवायला थांबवून घेत. सगुणावहिनी भात उकडून, वाळवून, घरच्या उखळात कांडायच्या. त्या उकड्या तांदळाचा तांबूस भात. सकाळी त्याचीच पेज. कुळथाची पिठी, नाचणीची भाकरी, शेवग्याचा पाला. तारल्या तर आबा काट्यांसकट चावून खात. दात अर्धे गेले होते, तरी वेळ लावून चावत.

"काटा टाकायचा नाय," ते म्हणत. "काट्यासाठी तर मासा खायचा."

त्यांच्या घराला एक मान होता. नारळी पौर्णिमेला खाडीच्या मुखाशी दर्याला नारळ द्यायचा, तो मयेकरांच्या थोरल्या पुरुषाने. होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, अनवाणी उभं राहून. कुणी हात धरायचा नाही, कशाला टेकायचं नाही. उभं राहता आलं नाही तर मान दुसऱ्या घरी जातो. आणि गेलेला मान परत येत नाही.

आबांना देवळातल्या कुठल्याच गोष्टीत रस नव्हता. या एका नारळात होता.

१९३४च्या शिमग्याला हरिश्चंद्र घरी आला. भला माणूस. बोलणं मोजकं. पण मनात काही ठरवून आला होता.

"बाबा, आता वल्हं ठेवा. लोक मला विचारतात, पोरगा मुंबईत आणि बाप होडी ओढतो?"

"होडी मी वडत नाय. तीच मला वडते."

"हसण्यावारी नेऊ नका. आणि सगुणा, बाबांना ती पेज देत जाऊ नकोस. शेजारी बघतात."

शहरात तेव्हा नवी भाताची गिरणी सुरू झाली होती. हरिश्चंद्राने तिथून एक गोण आणली. आत तांदूळ मोगऱ्याच्या कळ्यांसारखा. पांढरा, लांब, एक कण तांबडा नाही.

त्या घराची एक रीत मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिली. दर्यावर जाणारा माणूस निघण्यापूर्वी घरातल्या थोरल्याबरोबर एका ताटात जेवतो. जाणारा मागेल तेच शिजतं. थोरल्याने नाही म्हणायचं नसतं. नाही म्हटलं तर प्रवासाला खोट येते. आगबोटीने मुंबईला जायचं तेही दर्यावर जाणंच. हरिश्चंद्राने निघायच्या दिवशी गिरणीच्या तांदळाचा भात मागितला. बापलेक एका काशाच्या ताटात जेवले.

"आजपासून बाबांच्या पानात हाच," हरिश्चंद्र म्हणाला. "गोण संपली की पुढची येईल."

घरातले बाकी सगळे आपलं उकडंच खात. एवढा महाग तांदूळ सगळ्यांना कुठून पुरणार? आबांचा भात वेगळ्या टोपात शिजू लागला. सगुणावहिनी तो तांदूळ चार पाण्यांनी धूत. वर आलेली पेज वेळून, गाळून टाकत. मानाचा भात मोकळा हवा, पांढरा हवा. काट्याचे मासे बंद झाले. म्हाताऱ्या माणसाच्या घशात काटा अडकायचा. सकाळी पेजेऐवजी साखरेचा चहा आणि बेकरीतले बटर.

भाट्यात सगळ्यांना हेवा वाटला. पांढरा भात सणाचा, पाहुण्याचा, खोताचा. शेजारचा दादू तर रोज टोमणा मारी.

"महिपत, तुजा रोजच पाडवा!"

"तुला पायजे तर ये जेवायला."

"माजा झील मुंबयला नाय. माज्या नशिबी तांबडा."

आबा खूश होते. मी ते सांगायला हवं. लेकाने मान दिला, तो त्यांनी मिरवला. वल्हं दुसऱ्याच्या हाती गेलं. ते किनाऱ्यावरच्या सुरूच्या झाडाखाली बसू लागले. त्या वर्षीचा नारळही त्यांनी नीट दिला.

बदल मला थंडीत दिसला. आबा चालताना पायांकडे बघू लागले. पाय आहेत की नाहीत, याची खात्री करून घेतल्यासारखे. मग घोटे सुजले. बोटाने दाबलं की खळगा पडे आणि तो लवकर भरून येत नसे.

एका संध्याकाळी ते किनाऱ्यावरून घराकडे येत होते. हरिश्चंद्राने पाठवलेल्या वहाणा पायात. मी समोरून येत होतो. जवळ आले तेव्हा पाहिलं, एकाच पायात वहाण होती.

"आबा, दुसरी वहाण?"

त्यांनी खाली पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. मागे वाळूत, पार सुरूपाशी, ती पडली होती. पाय वाळूवर पडतोय की चामड्यावर, हे त्यांना कळलं नव्हतं. ज्या पायांना फळीचा ओलावा कळायचा, त्या पायांना.

मी जाऊन ती उचलून आणली. आबा मात्र म्हणाले, "वय झालं, मास्तर."

सगळे हेच म्हणत होते. सगुणावहिनी, दादू, माझी मावशी. दोन शब्द. त्या शब्दांपलीकडे कुणी काही विचारत नव्हतं. मलाही ते शब्द पुरेसे वाटले. पुस्तकांत म्हातारपण असंच येतं. हळूहळू, न सांगता, आणि त्यावर कुणी इलाज शोधत नाही.

चैत्रात होड्या दुरुस्तीला वर काढल्या तेव्हा वाडीतली माणसं जमली. दादूने विषय काढला.

"यंदा नारळाचं काय करायचं? महिपतला नाळेवर उबा ऱ्हावत नाय, हे समद्यांना दिसतंय. मी वायट बोलत नाय. पन रीत ती रीत."

आबा काठी टेकून उठले आणि घरी गेले. सगुणावहिनी मला म्हणाल्या, "भावजी, त्यांना शहरात डाक्टरकडं घेऊन चला. ते माजं ऐकायचे नायत."

डॉक्टर पित्रे मूळचे देवरूखचे. तरुण, बडबडे. त्यांनी आबांना खाटेवर बसवलं, पाय लोंबते ठेवले आणि गुडघ्याखाली लहान हातोडीने टिचकी मारली. पाय हलला नाही.

"आबा, मी मारलं तर लाथ मारायची असते. विसरलात?"

"डाक्टरला कशी मारू?"

डॉक्टर हसले. पण पुन्हा मारून पाहिलं तेव्हा हसले नाहीत. छाती तपासली. पायाला टाचणी लावली. आबा खिडकीबाहेर बघत होते. टाचणी लागल्याचं त्यांना कळलंच नाही.

"घरात आणखी कुणाला असं होतंय?"

"नाय," दाराशी उभ्या सगुणावहिनी म्हणाल्या.

"सगळे एकाच टोपातलं जेवता?"

"नाय. मामंजींचा भात येगळा असतो."

"वेगळा म्हणजे?"

वहिनींनी सांगितलं. सांगताना आवाजात थोडा अभिमान होता. डॉक्टर शांतपणे ऐकत राहिले. मग म्हणाले, "माझ्या मते हे वय नाही. हा तांदूळ आहे."

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी समजावलं. तांदळाच्या दाण्यावर एक तांबूस पापुद्रा असतो. त्यात एक द्रव्य असतं, अगदी थोडं. पण ते नसलं तर नसा उपाशी राहतात. उकडा तांदूळ करताना ते दाण्यात मुरतं. घरी कांडताना बरंचसं टिकतं. गिरणी सगळं घासून काढते. त्यातूनही काही उरलं तर ते धुण्यात आणि वेळलेल्या पेजेत जातं. इंग्रजीत त्याला व्हिटॅमिन म्हणतात. मराठीत अजून एक शब्द रुळला नव्हता. कुणी जीवनद्रव्य लिही, कुणी जीवनसत्त्व.

"पोट भरलेलं आणि नसा उपाशी," डॉक्टर म्हणाले. "गिरणीतला कोंडा कुठे जातो? म्हशीला. म्हशीचे पाय बघा एकदा."

"म्हंजे म्हशीचा मान माज्यापरीस मोठा," आबा म्हणाले.

"आणि म्हातारपणाचं म्हणाल तर केस पिकले हे वय. दात पडले हे वय. पाय मेले हे वय नव्हे. उतारवयात भूक कमी होते. खाणंच चार घास, मग प्रत्येक घास कसदार हवा. आपण उलट करतो. म्हाताऱ्याला मऊ द्यायचं, पांढरं द्यायचं, साखरेचं द्यायचं. मासा काढून घ्यायचा, पाला काढून घ्यायचा, काम काढून घ्यायचं. आणि याला सेवा म्हणायचं."

वहिनींची मान खाली गेली. डॉक्टरांना ते दिसलं असावं. "तुमचा दोष नाही, बाई. माझ्या आजोबांनाही आम्ही असंच जपलं. तेव्हा हे कुणाला माहीत होतं?"

मग ते माझ्याकडे वळले. "हा माझा तर्क आहे. चुकूही शकतो. पण जुनं जेवण सुरू करा, रोज थोडं चालवा. पावसाळाभर बघू. नाहीतर हे हृदयावर येईल. मग पायांचा प्रश्न उरणार नाही."

परतताना आबा होडीत बसून होते. पूर्वी मी बसायचो त्या जागी.

"मास्तर, रंगूनच्या फेरीला आमच्या दोगा खलाशांचे पाय असेच फुगले व्हते. बोटीवर पांडरा तांदूळच मिळायचा. कप्तानानं त्यांना बंदरात उतरवलं. थितं खाऊनपिऊन बरे झाले. आमी म्हटलं, त्यांना दर्या बादला."

"मग आता पटलं ना?"

"पटलं."

मला हायसं वाटलं. घरी आलो. वहिनींनी लगेच सकाळच्या उकड्या भाताचा टोप पुढे घेतला. आबा ओटीवरून म्हणाले, "सगुणा, माज्या पानात तो वाडायचा नाय."

"मामंजी, डाक्टर काय म्हनाला?"

"डाक्टर खरं बोलला. पन हरीला काय सांगशील? तू मान म्हनून धाडलास त्यानं बापाचे पाय गेले? पोरगा जन्मभर त्या गोनीखाली ऱ्हाईल. माजे पाय गेले तर गेले."

त्यांनी समोरचा पांढरा भात शांतपणे खाल्ला.

मे महिन्यात हरिश्चंद्र आला. आंब्याच्या दिवसांत मुंबईची माणसं येतातच. पहिल्याच दिवशी वहिनींनी त्याला सगळं सांगितलं. मी तिथे होतो. त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला.

"म्हणजे मी बाबांना..."

"डाक्टर येडा हाय!" आबा आतून ओरडले. "तुजा तांदूळ लय ग्वाड हाय. सगुणा, मला आनकी वाड!"

आणि त्यांनी आणखी भात घेतला. भूक नसताना. हरिश्चंद्र बघत राहिला. सुजलेला पाय पाटावरून बाहेर आला होता. बाप भात गिळत होता.

दुसऱ्या दिवशी हरिश्चंद्र मला किनाऱ्यावर भेटला.

"मास्तर, खाणावळीत आम्हाला हाच भात मिळतो. पहिल्यांदा पानात पडला तेव्हा मला बाबा आठवले. मी म्हटलं, आयुष्यभर तांबडा खाल्ला, आता त्यांना हा मिळू दे."

तो पायाने वाळू उकरत राहिला.

"त्यांना समजावून उपयोग नाही. माझी शरम राखायला ते जीव देतील. मी माफी मागितली तर आणखी दोन घास जास्त खातील."

तो सुटीभर तसाच राहिला. डॉक्टरांचं नाव काढलं नाही. आबांनी रोज पांढरा भात खाल्ला. सगुणावहिनी टोप आदळत राहिल्या. मला हरिश्चंद्राचा रागच आला.

मग त्याचा निघायचा दिवस आला. आगबोट दुपारी होती. वहिनींनी रिवाजाप्रमाणे विचारलं, "काय शिजवू?"

"उकडा भात. पेजेसकट, वेळू नको. कुळथाची पिठी. शेवग्याचा पाला. आणि तारल्या मिळाल्या तर काट्यांसकट."

आबांनी काठी बाजूला ठेवली.

"हरी, आज शेवटचा दिस. चांगलं कायतरी माग."

"मी मागितलं, बाबा. जाणाऱ्याला नाही म्हणायचं नसतं."

काशाचं ताट मध्ये आलं. तांबूस भाताचा ढीग, बाजूला वाफाळती पेज. हरिश्चंद्र जेवू लागला. आबा हात राखून बसले होते. मग त्यांनीही घास घेतला. एक दिवसाचा प्रश्न होता, असं त्यांना वाटलं असावं.

जेवण झालं. वहिनी ताट उचलायला वाकल्या.

"राहू दे," हरिश्चंद्र म्हणाला. "आमचं जेवण संपलेलं नाही. मी परत येईपर्यंत बाबा ह्याच ताटात हेच जेवतील. घासून पुन्हा मांडायचं. मधे दुसरं काही वाढलंस तर माझ्या प्रवासाला खोट."

"अशी रीत नाय!" आबा म्हणाले.

"आहे. जाणारा मागेल ते. किती दिवस मागायचं हे कुणी सांगितलंय?"

आबांनी त्याच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पुन्हा त्याच्याकडे.

"लबाड हायस."

"तुमचाच झील."

"आनि ती गोन?" वहिनींनी विचारलं. "अर्दी हाय अजून."

"गणपतीच्या मोदकांना ठेव. देवाचे पाय मातीचे. त्याला काही होत नाही."

आबा हसले. खूप दिवसांनी तोंड उघडून हसले. हरिश्चंद्र वाकून त्यांच्या पाया पडला. सुजलेल्या पायांवर हात जरा जास्त वेळ ठेवला आणि गेला.

पाऊस सुरू झाला. रोज ते ताट मांडलं जाई. आता कुणाला लाज नव्हती. उलट आबाच येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "झिलाचं मागनं हाय. मोडता येत नाय." दादूने एकदा ताटात डोकावून पाहिलं.

"महिपत, पाडवा संपला वाटतं?"

"तुज्या घरचाच भात खातोय. चव काय ती तुला ठावी."

सूज आधी उतरली. मग आबा ओटीवर खांबाखांबाला धरून चालू लागले. दुपारी पाऊस थांबला की किनाऱ्यापर्यंत. मी शाळेतून आलो की बरोबर जाई. भूक वाढली. तारल्यांचे काटे पुन्हा कुरकुरू लागले. पण पाय बधिरच होते. डॉक्टर म्हणाले, नसा सावकाश सावरतात, संवेदना सगळ्यात शेवटी येते. येईलच असं नाही.

"न कळनाऱ्या पायांनी नाळेवर कसा उबा ऱ्हानार?" आबांनी मला विचारलं.

नारळी पौर्णिमेला आभाळ उघडलं होतं. सगळी वाडी किनाऱ्यावर. होड्यांना तोरणं. दादू धुतलेलं धोतर नेसून आला होता. नवा सदरा. त्याने तयारी लपवली नव्हती.

आबा वहाणा काढून पाण्यात उतरले. दोघांनी त्यांना होडीत चढवलं. होडी मुखापर्यंत गेली. मी नेहमीच्या जागी, खालच्या फळीवर. दादू मागच्या बाजूला. लाटा मोठ्या होत्या. आबा नाळेपाशी गेले. हातात सोनेरी कागदात गुंडाळलेला नारळ.

"सोडा," ते म्हणाले.

धरणाऱ्यांनी हात काढले.

होडी वर गेली, खाली आली. आबा एका बाजूला झुकले. दादू अर्धा उठला. पकडायला की नारळ घ्यायला, ते मला कळलं नाही. मी आबांच्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. पायांकडे बघत होतो. भेगाळलेले, काळे, अजून जरा बारीक. बोटं मिटलेली होती. दुसरी लाट आली. आणि ती बोटं पसरली. एकेक करून नव्हे, सगळी एकदम. फळीत रुतली.

नारळ पाण्यात पडला. किनाऱ्यावर गलका झाला. दादूने मागून आरोळी ठोकली, सगळ्यांपेक्षा मोठी.

आबा खाली उतरेनात. मान खाली घालून उभे होते. मी घाबरलो.

"आबा, काय होतंय?"

"मास्तर," ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "फळी गार हाय."